स्वल्पविराम कुणाचा खरा? इंग्रजीतले नियम, पसंती आणि समजुती वेगळ्या कशा करायच्या

अमेरिकेच्या मेन राज्यात ओव्हरटाइमचा कायदा आहे. आठवड्याला ४० तासांहून जास्त काम झालं की वरच्या तासांना दीडपट दर द्यावा लागतो, पण काही कामं त्यातून वगळलेली आहेत. वगळलेल्या कामांची यादी पूर्वी अशी होती: 'कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. हे सगळं शेतमाल, मांस-मासळी आणि नाशवंत पदार्थांबाबत. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर माल पोचवायचे, म्हणजे डिस्ट्रिब्यूशन करायचे. पॅकिंग त्यांच्याकडे नव्हतं. मग त्यांना ओव्हरटाइम मिळायला हवा की नको? यावरून ड्रायव्हर आणि कंपनी यांच्यात खटला झाला.

उत्तर 'शिपमेंट' या शब्दापाशी अडतं. तिथे स्वल्पविराम असता, तर पॅकिंग हे एक काम आणि डिस्ट्रिब्यूशन हे वेगळं काम ठरलं असतं, आणि ड्रायव्हर वगळले गेले असते. स्वल्पविराम नसल्यामुळे 'शिपमेंटसाठी किंवा डिस्ट्रिब्यूशनसाठी केलेलं पॅकिंग' असं एकच काम, असंही वाचता येतं. तसं वाचलं तर माल पोचवणं यादीत येतच नाही.

या खटल्यातले दोन्ही बाजूंचे युक्तिवाद नीट बघण्यासारखे आहेत. कंपनीचं म्हणणं असं: यादीच्या शेवटच्या घटकाआधी 'अँड' किंवा 'ऑर' असतोच. 'पॅकिंग' हा शेवटचा घटक असेल तर त्याच्याआधी 'ऑर' कुठे आहे? नाही. म्हणजे 'ऑर डिस्ट्रिब्यूशन' हाच शेवटचा घटक. शिवाय मेनच्या कायदेमंडळाची मसुदा-पुस्तिकाच सांगते की यादीतला शेवटचा स्वल्पविराम घालू नका. ड्रायव्हरांचं म्हणणं असं: यादीतलं प्रत्येक काम 'इंग' लावून आलं आहे. डिस्ट्रिब्यूशन हे वेगळं काम असतं तर 'डिस्ट्रिब्यूटिंग' लिहिलं असतं. 'शिपमेंट' आणि 'डिस्ट्रिब्यूशन' ही दोन्ही एकाच घडणीची नामं आहेत, म्हणून दोन्ही 'फॉर'च्या मागे जातात. मार्च २०१७मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की वाक्य खरोखरच दोन्ही प्रकारे वाचता येतं. आणि अशी संदिग्धता असली की मेनच्या मजुरीविषयक कायद्याचा अर्थ कामगारांच्या बाजूने लावायचा असतो. २०१८मध्ये हे प्रकरण ५० लाख डॉलरवर मिटलं. न्यायालयाच्या निकालानंतर कायदेमंडळाने वाक्य बदललं: प्रत्येक कामानंतर अर्धविराम घातला आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चं 'डिस्ट्रिब्यूटिंग' केलं.

हा खटला 'शेवटचा स्वल्पविराम घालायलाच हवा याचा पुरावा' म्हणून सांगितला जातो. न्यायालयाने तसं म्हटलेलं नाही. स्वल्पविराम, जोडशब्द आणि शब्दांची घडण या तीन खुणा तिथे वेगवेगळ्या दिशा दाखवत होत्या, आणि त्यामुळे अर्थ निसटला. विरामचिन्हांवरचा कुठलाही वाद हाती घेताना हे लक्षात ठेवावं. चिन्ह एकटं अर्थ ठरवत नाही. शब्दक्रम आणि शब्दांची घडण यांनी वाचकाला जे आधीच सांगितलेलं असतं, त्याला ते दुजोरा देतं किंवा छेद देतं.

तीन वेगवेगळे वाद, एकाच नावाने

इंग्रजीला नियम ठरवणारी अधिकृत संस्था नाही. फ्रेंच भाषेसाठी १६३५मध्ये अकादमी स्थापन झाली. इंग्रजीसाठीही अशी व्यवस्था व्हावी असा प्रस्ताव जोनाथन स्विफ्ट यांनी १७१२मध्ये मांडला, पण तो प्रत्यक्षात आला नाही. त्यामुळे 'इंग्रजीचा नियम' असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारावा: कुठला?

काही नियम वाक्यरचनेतून येतात. ते मोडले तर अर्थ बदलतो किंवा वाक्य तुटतं, आणि चांगले लिहिणारे सगळेच ते पाळतात. काही नियम प्रकाशकांच्या शैलीपुस्तिकांतून येतात. तिथे दोन्ही पर्याय बरोबर असतात. एकाने एक निवडलेला असतो, दुसऱ्याने दुसरा. आणि काही नियम निव्वळ समजुती असतात, कुणा एकाने कधी तरी नापसंती दाखवली आणि ती पाठ्यपुस्तकांतून पुढे चालत राहिली. बहुतेक भांडणं तावातावाने होतात याचं कारण हेच, की एक जण पहिल्या प्रकारचा नियम समजून बोलत असतो आणि दुसऱ्याला तो दुसऱ्या प्रकारचा आहे हे ठाऊक असतं.

यादीतला शेवटचा स्वल्पविराम, ज्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, हा दुसऱ्या प्रकारात मोडतो. ऑक्सफर्डच्या विद्यापीठ प्रकाशनाची आणि शिकागो शैलीपुस्तिकेची पद्धत तो घालण्याची आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैली साध्या यादीत तो घालत नाही, पण अर्थ निसटत असेल तर घालायला सांगते. घातल्याने संदिग्धता नेहमीच जाते, असा घालणाऱ्यांचा दावा असतो. तो तपासून पाहू.

'वुई इनव्हाइटेड द टीचर्स, मीरा अँड जॉन.' इथे शेवटचा स्वल्पविराम नाही. मीरा आणि जॉन हेच ते शिक्षक, असं वाचता येतं. 'मीरा'नंतर स्वल्पविराम घातला की शिक्षक वेगळे, मीरा वेगळी, जॉन वेगळा. इथे त्याने काम केलं. आता 'टीचर्स'चं एकवचन करा: 'वुई इनव्हाइटेड द टीचर, मीरा, अँड जॉन.' आता शेवटचा स्वल्पविराम असल्यामुळेच गोंधळ झाला! मीरा ही शिक्षिका आणि जॉन, अशी दोन माणसं, की तीन? स्वल्पविराम काढला तर तीन माणसं हे स्पष्ट होतं. म्हणजे एकाच चिन्हाने एका वाक्यात गोंधळ मिटवला आणि दुसऱ्यात निर्माण केला. दोन्ही ठिकाणी खरा उपाय एकच आहे, क्रम बदलणं: 'वुई इनव्हाइटेड मीरा, जॉन अँड द टीचर.' आता स्वल्पविराम असो वा नसो, वाचणारा चुकत नाही.

आमचं मत विचाराल तर तांत्रिक, कायदेशीर आणि वैद्यकीय लेखनात शेवटचा स्वल्पविराम घालावा, कारण तिथे यादीतले घटक लांब असतात आणि त्यांच्या पोटातही 'अँड' असतो. बातम्यांत आणि छोट्या मजकुरात नसला तरी बिघडत नाही. एकाच दस्तऐवजात मात्र दोन्ही पद्धती मिसळू नयेत. वाचणारा पहिल्या काही पानांत तुमची सवय उचलतो आणि पुढे तिच्यावर विसंबून अर्थ लावतो.

जोडीने येणारे स्वल्पविराम

खरं लक्ष द्यावं असे स्वल्पविराम यादीत नसतात, वाक्याच्या मध्ये असतात. वाक्यातला एखादा तुकडा दोन्ही बाजूंनी स्वल्पविरामांत ठेवला, की इंग्रजी वाचक त्याला 'जाता जाता दिलेली माहिती' समजतो. तो उचलून बाजूला ठेवला तरी मुख्य विधान खरं राहायला हवं.

'द फाइल्स दॅट वर करप्टेड वर डिलीटेड.' ज्या फायली खराब झाल्या होत्या तेवढ्याच काढून टाकल्या. चांगल्या शाबूत आहेत.

'द फाइल्स, विच वर करप्टेड, वर डिलीटेड.' सगळ्या फायली काढून टाकल्या, आणि त्या सगळ्या खराब होत्या.

मराठीत पहिल्या अर्थासाठी आपण 'ज्या–त्या' वापरतो आणि दुसऱ्यासाठी सरळ दोन वाक्यं करतो, त्यामुळे चिन्हावर भार पडत नाही. इंग्रजीत तो भार जवळजवळ पूर्णपणे स्वल्पविरामावर आहे. मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्याची सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. वाक्य लांब झालं, जरा श्वास घ्यावा, म्हणून स्वल्पविराम पडतो, आणि 'काही' फायलींच्या 'सगळ्या' फायली होतात.

'दॅट'ला स्वल्पविराम नको आणि 'विच'ला हवा, हा भाग वेगळा तपासावा लागतो. स्वल्पविरामाचा फरक हा रचनेचा नियम आहे. पण स्वल्पविराम नसलेल्या ठिकाणी 'विच' चालतच नाही, हा आग्रह शैलीचा आहे. इंग्रजी शब्दप्रयोगांचा कोश लिहिणारे हेन्री फाउलर यांनी १९२६मध्ये अशी वाटणी सोयीची ठरेल असं सुचवलं होतं. अमेरिकन संपादकांनी ती सूचना नियमासारखी उचलली, ब्रिटिश लेखनात मात्र 'विच' दोन्हीकडे सर्रास दिसतं. अमेरिकन वाचकांसाठी लिहीत असाल तर वाटणी पाळा. इतर कुठे कुणी 'विच' लिहिलं म्हणून त्याला चूक ठरवू नका.

नावांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू होतं. 'माय सिस्टर, मीरा, इज हिअर' यात मीरा हे नाव काढलं तरी ओळख पक्की आहे, म्हणजे बहीण एकच. 'माय सिस्टर मीरा इज हिअर' म्हटलं की बहिणी एकाहून जास्त असू शकतात आणि त्यांपैकी मीरा आली आहे. मृत्युपत्रात किंवा करारात हा फरक गमतीचा राहत नाही.

जोडी करताना दुसरा स्वल्पविराम विसरणं ही रोजची चूक. त्याच्या उलट, नको तिथे दुसरा स्वल्पविराम पडला तर काय होतं याचं उदाहरण कॅनडात घडलं. रॉजर्स आणि एलियंट या दोन कंपन्यांमध्ये तारांसाठीच्या खांबांच्या वापराचा करार होता. त्यातलं कलम थोडक्यात असं: करार झाल्या तारखेपासून पाच वर्षं चालू राहील, आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांच्या मुदतींसाठी, एक वर्षाची लेखी पूर्वसूचना देऊन कुणी तो संपवला नाही तर. 'पूर्वसूचने'ची अट कशाला लागू होते? रॉजर्सच्या मते फक्त पुढच्या मुदतींना, म्हणजे पहिली पाच वर्षं पक्की. पण इंग्रजी मजकुरात 'पाच-पाच वर्षांच्या मुदतींसाठी' यानंतर स्वल्पविराम होता. आधीच्या स्वल्पविरामाशी त्याची जोडी जुळली आणि मधला तुकडा 'जाता जाता' होऊन बाजूला निघाला. मग पूर्वसूचनेची अट पहिल्या पाच वर्षांनाही चिकटली. २००६मध्ये कॅनडाच्या दूरसंचार नियामकाने विरामचिन्हांच्या नियमांवर बोट ठेवून एलियंटच्या बाजूने निकाल दिला. २००७मध्ये तो फिरला, कारण त्याच कराराचा फ्रेंच मसुदा पाहिला गेला आणि तिथे अर्थ एकच निघत होता.

हा करार लिहिणाऱ्याने काय करायला हवं होतं? दोन वाक्यं. पहिलं: करार पाच वर्षं चालेल. दुसरं: त्यानंतर तो पाच-पाच वर्षांनी आपोआप वाढेल, ही वाढ नको असेल तर एक वर्ष आधी कळवावं. पैसा, मुदत किंवा जबाबदारी एखाद्या स्वल्पविरामावर टेकलेली दिसली की वाक्य फोडा.

श्वासाचा स्वल्पविराम आणि रचनेचा स्वल्पविराम

जुन्या इंग्रजी मजकुरावर वाद घालताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. १८व्या शतकापर्यंत स्वल्पविराम मुख्यतः वाचताना कुठे थांबायचं हे दाखवायचा. वाक्याची रचना दाखवण्याचं काम त्याच्याकडे ठळकपणे नंतर आलं. अमेरिकेच्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१मध्ये लागू झाली. शस्त्रं बाळगण्याच्या हक्काबद्दलच्या या एका वाक्यात तीन स्वल्पविराम आहेत, आणि त्यांतला एक कर्ता आणि क्रियापद यांच्या मधोमध आहे: 'द राइट ऑफ द पीपल टू कीप अँड बेअर आर्म्स, शॅल नॉट बी इन्फ्रिंज्ड'. आजच्या नियमाने तो सरळ चूक आहे. राज्यांकडे फिरलेल्या प्रतींमध्ये स्वल्पविरामांची संख्याही एकसारखी नव्हती. त्यामुळे अशा मजकुराचा अर्थ आजच्या नियमांनी स्वल्पविराम मोजून काढणं धोक्याचं आहे.

आजच्या लेखनात मात्र कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम येऊ देऊ नका. 'द रिपोर्ट सबमिटेड बाय द कमिटी लास्ट वीक, वॉज रिजेक्टेड' अशी वाक्यं सारखी दिसतात. कर्ता लांबला की हात आपोआप थांबतो. तपासायची रीत सोपी आहे: क्रियापद शोधा, 'कोण?' किंवा 'काय?' विचारून पूर्ण कर्ता शोधा, आणि त्या दोघांमध्ये एक सुटा स्वल्पविराम दिसला तर काढा. तिथे दम लागत असेल तर कर्ता फार लांब झाला आहे.

दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं, म्हणजे कॉमा स्प्लाइस, ही दुसरी सवय. मराठीत 'पाऊस थांबला, आम्ही निघालो' अगदी सहज चालतं. इंग्रजीत औपचारिक लेखनात चालत नाही: 'द टेस्ट फेल्ड, वुई स्टॉप्ड द लाइन.' पूर्णविराम, अर्धविराम, 'सो' किंवा 'अँड'सारखा जोडशब्द, किंवा 'बिकॉज' लावून एकाला गौण करणं, यांपैकी काहीही चालतं. 'हाउएव्हर' मात्र जोडशब्द नाही, हे विसरलं जातं. 'द टेस्ट फेल्ड, हाउएव्हर, वुई शिप्ड द बॅच' यात 'हाउएव्हर' मागच्या विधानाचा की पुढच्या, हे कळत नाही. त्याच्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविराम हवाच.

आणि एक सापळा असा की तिथे स्वल्पविराम घालूनही सुटका नाही. 'शी डिड नॉट रिझाइन बिकॉज ऑफ द सॅलरी.' तिने पगारामुळे राजीनामा दिला नाही, म्हणजे पगार चांगला होता म्हणून राहिली? की राजीनामा दिला, पण कारण पगार नव्हतं? 'बिकॉज'आधी स्वल्पविराम घातला तर वाचक पहिल्या अर्थाकडे झुकतो, एवढंच. 'नॉट' आणि 'बिकॉज' एका वाक्यात आले की वाक्य नव्याने लिहा.

अपॉस्ट्रॉफी आणि बाकीची चिन्हं

मालकी दाखवणाऱ्या 'इट्स'ला अपॉस्ट्रॉफी नसते. 'इट इज' किंवा 'इट हॅज'चा संक्षेप असेल तर असते. उच्चारात फरक नाही, म्हणून हा घोळ कधीच संपत नाही. उलगडून पाहावं: 'इट इज' घालून वाक्य चालत असेल तर अपॉस्ट्रॉफी, नाही तर नाही. 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांनाही ती नसते, मग 'इट्स'ला कशाला असेल? हा नियम आज पक्का आहे, पण सनातन नाही. १७८७च्या अमेरिकन राज्यघटनेत पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात मालकीचं 'इट्स' अपॉस्ट्रॉफीसह लिहिलेलं आहे, आणि त्या काळी ते चुकीचं मानलं जात नव्हतं.

नावाच्या शेवटी मुळातच 'एस' असेल तर अपॉस्ट्रॉफीनंतर आणखी एक 'एस' लावायचा का? इथे प्रामाणिक मतभेद आहेत. शिकागो लावते, असोसिएटेड प्रेस विशेषनामांना लावत नाही. २००६च्या 'कॅन्सस विरुद्ध मार्श' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताच्या निकालपत्रात एक रूप आहे आणि मतभेदाच्या निकालपत्रात दुसरं. एकाच न्यायालयात एकाच दिवशी दोन्ही रूपं नांदली, तर तुमच्या कार्यालयात त्यावरून कुणाला अडाणी ठरवायचं कारण नाही. एक निवडा आणि नोंदवून ठेवा.

संयोगचिन्हाला, म्हणजे हायफनला, लोक किरकोळ समजतात. 'ट्वेंटी फोर अवर शिफ्ट्स' हे चार शब्द घ्या. 'फोर' आणि 'अवर' जोडले तर चार-चार तासांच्या वीस पाळ्या. 'ट्वेंटी' आणि 'फोर' जोडले तर एकेका तासाच्या चोवीस पाळ्या. तिन्ही जोडले तर चोवीस-चोवीस तासांच्या पाळ्या, किती ते सांगितलेलं नाही. वेळापत्रक करणाऱ्याने इथे हायफनवर विसंबून न राहता सरळ 'ट्वेंटी शिफ्ट्स ऑफ फोर अवर्स ईच' लिहावं. उलट 'ली'ने संपणाऱ्या क्रियाविशेषणानंतर हायफन लावू नये. 'क्विकली' पुढच्या विशेषणाकडेच जाणार, दुसरीकडे जाऊच शकत नाही.

अवतरणचिन्हांबाबत अमेरिकन पद्धत पूर्णविराम आणि स्वल्पविराम नेहमी आत ठेवते. ब्रिटिश पद्धत ते मूळ उद्धृत मजकुराचा भाग असतील तरच आत घेते. दोन्ही ठीक. अपवाद एकच, आणि तो महत्त्वाचा: संगणकाची आज्ञा, फायलीचं नाव किंवा पासवर्ड सांगताना कोणत्याही पद्धतीत पूर्णविराम आत नको. वाचणारा तो टंकेल आणि आज्ञा चालणार नाही.

समजुती

वाक्याच्या शेवटी शब्दयोगी शब्द, म्हणजे प्रेपोझिशन, नको, या आग्रहाच्या मुळाशी कवी जॉन ड्रायडन यांची १६७२मधली टीका आहे. त्यांनी नाटककार बेन जॉन्सन यांच्या लेखनात हा दोष काढला. इंग्रजी बोलणारे त्याआधीही तसं बोलत होते आणि आजही बोलतात. औपचारिक पत्रात टाळायचं तर टाळा, पण त्यासाठी वाक्य वाकडं करू नका.

'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये, हा आग्रह १९व्या शतकात रुजला. तो पाळला तर कधी कधी अर्थच बदलतो. 'ही फेल्ड टू कम्प्लीटली अंडरस्टँड' म्हणजे त्याला पूर्ण कळलं नाही, थोडंफार कळलं. 'कम्प्लीटली' तिथून काढून 'फेल्ड'च्या आधी ठेवा: आता त्याला काहीच कळलं नाही. 'वुई एक्स्पेक्ट कॉस्ट्स टू मोअर दॅन डबल' यात 'मोअर दॅन'ला दुसरी जागाच नाही.

'फ्यूअर' मोजता येणाऱ्यांसाठी आणि 'लेस' न मोजता येणाऱ्यांसाठी, ही वाटणी रॉबर्ट बेकर यांनी १७७०मध्ये स्वतःची पसंती म्हणून मांडली होती. आज औपचारिक लेखनात ती अपेक्षित आहे, म्हणून पाळावी. पण आंधळेपणाने पाळली की वेगळी चूक होते. अंतर, वेळ, पैसा, वजन यांत आकडा असला तरी आपण एक सलग माप सांगत असतो, म्हणून 'लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स' हेच स्वाभाविक.

एका व्यक्तीसाठी 'दे' वापरणं हा नवा शोध नाही, १४व्या शतकापासून ते लेखनात सापडतं. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या शैलीपुस्तिकेच्या सातव्या आवृत्तीने त्याला मान्यता दिली आहे. 'ही ऑर शी' दर ओळीला लिहिण्यापेक्षा ते स्वच्छ आहे, मात्र 'दे' नेमकं कुणासाठी हे त्याच वाक्यात कळायला हवं.

शब्द निवडताना

विरामचिन्ह चुकलं तर निदान सावध वाचक अडखळतो. शब्द चुकला तर तो अडखळतही नाही, चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो. म्हणून नेमकेपणाची गरज असलेल्या क्षेत्रांनी काही शब्द बांधून घेतले आहेत.

इंटरनेटची तांत्रिक मानकं लिहिणाऱ्यांनी मार्च १९९७मध्ये आरएफसी २११९ हा छोटा दस्तऐवज काढला. त्यात 'मस्ट' म्हणजे बिनशर्त बंधन, 'शुड' म्हणजे सबळ कारण असल्याशिवाय टाळू नये, आणि 'मे' म्हणजे पूर्ण ऐच्छिक, असं ठरवून दिलं. पुढे वाद झाला की साध्या ओघात आलेलं 'शुड'ही बंधनात धरायचं का. २०१७मध्ये खुलासा आला: हे शब्द सगळे कॅपिटल अक्षरांत लिहिलेले असतील तरच तो विशेष अर्थ. सूचनापत्रक किंवा कार्यपद्धती लिहिणाऱ्याने ही शिस्त जरूर उचलावी. 'ऑपरेटर शुड वेअर ग्लव्ह्ज' लिहिलं आणि हातमोजे न घालता अपघात झाला, तर 'शुड' हा सल्ला होता की हुकूम यावर भांडण होणार. 'शॅल' तर आणखी निसटता शब्द. कधी बंधन, कधी नुसता भविष्यकाळ. हुकूम असेल तिथे 'मस्ट' लिहा.

पेटंटमध्ये 'कम्प्रायझिंग' आणि 'कन्सिस्टिंग ऑफ' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला उघडा शब्द: सांगितलेले घटक असावेत, वर आणखी असले तरी चालतील. दुसरा बंद: एवढेच घटक, बाकी काही नाही. 'कन्सिस्टिंग ऑफ' लिहिलं की प्रतिस्पर्ध्याला एक जादा घटक मिसळून दाव्याबाहेर पडण्याची वाट मिळते. रोजच्या इंग्रजीत हे दोन्ही जवळपास समानार्थी वाटतात, म्हणूनच नवखा लिहिणारा फसतो.

मग असे शब्द आहेत जे दोन उलट अर्थ वागवतात. 'सँक्शन' म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. 'बायवीकली' म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, हे शब्दकोशही एक ठरवून देत नाहीत, दोन्ही देतात. बैठकीत 'टेबल' हे क्रियापद ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेण्यासाठी आणि अमेरिकेत तो बाजूला ठेवण्यासाठी वापरतात. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांचा याच शब्दावरून बराच वेळ वाद झाल्याचं चर्चिल यांनी नोंदवून ठेवलं आहे. दोघांनाही विषय लगेच चर्चेला हवा होता. 'इनफ्लेमेबल'मधला 'इन' नकाराचा नाही. तो पदार्थ पेट घेतोच. धोक्याच्या पाटीवर 'फ्लेमेबल' आणि 'नॉन-फ्लेमेबल' हीच जोडी असावी. असे शब्द संदर्भाने कळतील अशी आशा धरू नये, ते बदलावेत: 'एव्हरी टू वीक्स', 'अप्रूव्ह', 'पोस्टपोन'.

'ओन्ली'ची जागा हाही लाडका वाद. 'वुई ओन्ली टेस्ट सॅम्पल्स ऑन मंडे.' फक्त तपासतो, पाठवत नाही? फक्त नमुनेच? की फक्त सोमवारीच? बोलताना जोर देऊन अर्थ कळतो, म्हणून 'ओन्ली' क्रियापदाआधी ठेवणं बोलीत चूक नाही. कागदावर जोर ऐकू येत नाही. सूचना असेल तर 'ओन्ली' ज्या शब्दाला बांधायचा त्याला चिकटून लिहा: 'ओन्ली ऑन मंडे'.

वाद कसा घालावा

कुणी तुमच्या मजकुरातला स्वल्पविराम काढला किंवा शब्द बदलला, तर आधी दोन्ही रूपांचा अर्थ आपल्या शब्दांत वेगवेगळा लिहून काढा. मराठीत लिहिलात तरी चालेल. उलट बरंच, कारण मराठीत ती इंग्रजी संदिग्धता जशीच्या तशी उतरत नाही आणि फरक उघडा पडतो. दोन अर्थ निघाले तर वाद खरा आहे, आणि त्याचा निर्णय मूळ विषय जाणणाऱ्याने करायचा, व्याकरण जाणणाऱ्याने नव्हे. अर्थ एकच निघाला तर तो शैलीचा प्रश्न. तिथे आधी ठरलेल्या पुस्तिकेत पाहा आणि पुढे जा. त्यासाठी कामाच्या सुरुवातीलाच तीन गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात: कोणती शैलीपुस्तिका, तिची कितवी आवृत्ती आणि कोणता शब्दकोश. आवृत्ती महत्त्वाची, कारण पुस्तिका मत बदलतात. असोसिएटेड प्रेसने 'आशा आहे की' या अर्थाचं 'होपफुली' २०१२मध्ये स्वीकारलं. त्याआधी तीच पुस्तिका ते नाकारत होती.

'असं कुणी लिहीत नाही' हा युक्तिवाद पुढे आला तर वापर तपासता येतो. समकालीन अमेरिकन इंग्रजीच्या भाषासंग्रहात १९९० ते २०१९ या काळातले १०० कोटींहून जास्त शब्द आहेत. त्यात बोलणं, कथा, मासिकं, वृत्तपत्रं आणि संशोधनलेख वेगवेगळे पाहता येतात. शब्द एकटा न शोधता शेजारच्या शब्दासह शोधा आणि तुमच्या मजकुराच्या प्रकारातच शोधा. बोलण्यात हजारदा सापडलेला प्रयोग संशोधनलेखात जवळपास नसू शकतो.

व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा कौल मात्र पुरावा म्हणून धरू नका. 'द फाइल्स विच वर करप्टेड' दिसलं की ते स्वल्पविराम सुचवू शकतं, पण किती फायली खराब झाल्या होत्या हे त्याला माहीत नसतं. ते ज्याने फायली काढल्या त्याला विचारावं लागतं, आणि मगच स्वल्पविराम घालायचा की 'विच'चं 'दॅट' करायचं ते ठरतं.